विश्लेषण : मिलिमीटरभर कृमीसाठी पाच वर्षे? तणाव आणि वार्धक्याच्या संशोधनात तरुणांना संधी किती?

जीवशास्त्रात एम.एस्सी. झाल्यानंतर पीएच.डी. करायची असेल तर बहुतेक विद्यार्थ्यांच्या यादीत कर्करोग, मेंदू आणि लशी हे विषय वरच्या क्रमांकावर असतात. वार्धक्य हा विषय त्या यादीत क्वचितच दिसतो. मात्र गेल्या तीस-चाळीस वर्षांत या क्षेत्राने जीवशास्त्राच्या अनेक गृहीतकांना धक्का दिला आहे, आणि तोही प्रामुख्याने कृमी, फळमाशी आणि यीस्ट यांसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या जिवांच्या मदतीने. पेशीवर येणारा ताण आणि तिचे म्हातारे होणे यांचा संबंध काय, याचा शोध घेणाऱ्या प्रयोगशाळा आता मुंबई, पुणे, बेंगळूरु, दिल्ली, हैदराबाद येथेही आहेत. तिथे जाण्याचे मार्ग कोणते, हातात किती पैसे पडतात आणि पाच-सहा वर्षे देण्यापूर्वी काय तपासून घ्यावे, याविषयी...

तणाव म्हणजे नेमका कोणता?

रोजच्या बोलण्यात तणाव म्हणजे मनावरचे दडपण. १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की थंडी, इजा, विषारी द्रव्य असे त्रास निरनिराळे असले तरी शरीराचा प्रतिसाद बराचसा सारखा असतो. ‘स्ट्रेस’ या शब्दाला वैद्यकशास्त्रात आज जो अर्थ आहे, त्याची सुरुवात तिथून झाली. पेशीच्या पातळीवर मात्र तणाव म्हणजे उष्णता, उपासमार, प्राणवायूच्या अतिक्रियाशील रेणूंचा मारा, जंतुसंसर्ग किंवा प्रथिनांची चुकीची घडी. पेशीतील प्रत्येक प्रथिनाला काम करण्यासाठी ठरावीक आकार लागतो. उष्णतेने तो बिघडला की प्रथिने एकमेकांना चिकटतात आणि गोळे होतात. अल्झायमर आणि पार्किन्सनमध्ये मेंदूत असेच गोळे साचलेले दिसतात.

ही घडी सावरणाऱ्या यंत्रणेचा पहिला धागा अपघाताने सापडला. इटालियन शास्त्रज्ञ फेरुचिओ रितोसा फळमाशीच्या अळ्यांच्या लाळग्रंथींवर काम करत होते. प्रयोगशाळेतील कुणीतरी उबवणी-यंत्राचे तापमान वाढवून ठेवले. त्यानंतर गुणसूत्रांवर काही विशिष्ट जागी फुगवटे आलेले रितोसा यांना दिसले. उष्णतेमुळे तिथली जनुके कामाला लागली होती. हे निरीक्षण १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या जनुकांपासून तयार होणारी ‘हीट शॉक प्रोटीन’ पुढे १९७० च्या दशकात ओळखली गेली आणि यीस्टपासून माणसापर्यंत सर्वत्र सापडली.

कृमी आणि माशीच कशाला? थेट माणसावर अभ्यास का नाही?

याचे साधे उत्तर म्हणजे वेळ. माणसाच्या आयुर्मानावर प्रयोग करायचा तर संशोधकाचेच आयुष्य अपुरे पडेल. प्रयोगशाळेतील उंदीर दोन-अडीच ते तीन वर्षे जगतो. फळमाशी, म्हणजे पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटे, दोन-तीन महिने जगते. ‘सी. एलेगन्स’ हा सूत्रकृमी मात्र दोन-तीन आठवड्यांत जन्म, तारुण्य, म्हातारपण आणि मृत्यू असा सगळा प्रवास उरकतो. त्यामुळे आयुर्मानाचा एक पूर्ण प्रयोग महिन्या-दीड महिन्यात हातावेगळा होतो.

सूत्रकृमी म्हटले की डाळिंब आणि टोमॅटो उत्पादकांच्या कपाळावर आठी पडते. मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी त्यांच्या परिचयाचे आहेत. सी. एलेगन्स हा त्यांचा निरुपद्रवी नातेवाईक. लांबी सुमारे एक मिलिमीटर, शरीर पारदर्शक, खाद्य म्हणजे बशीतील जिवाणू. सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात त्याची निवड केली आणि १९७४ मध्ये त्याच्या जनुकशास्त्रावरील मूलभूत शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्रौढ उभयलिंगी कृमीत ९५९ कायिक पेशी आणि त्यांपैकी ३०२ चेतापेशी असतात. प्रत्येक पेशी कुठून आली याची वंशावळ उपलब्ध आहे. १९९८ मध्ये बहुपेशीय प्राण्यांपैकी पहिला पूर्ण जनुकीय आराखडा तयार झाला, तोही याच कृमीचा. २००२, २००६, २००८ आणि २०२४ या चार वर्षांच्या नोबेल पारितोषिकांशी या कृमीचे नाव जोडलेले आहे.

दुसरे कारण म्हणजे साम्य. माणसातील रोगांशी निगडित जनुकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जनुकांची जुळणारी रूपे फळमाशीत आढळतात. तिसरे कारण खर्चाचे. उंदरांसाठी वातानुकूलित प्राणिगृह, पशुवैद्य आणि प्राणी-नैतिकता समितीची परवानगी लागते. कृमींसाठी सूक्ष्मदर्शक, स्थिर तापमानाचे कपाट आणि बशा पुरतात. कृमी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून वर्षानुवर्षे ठेवता येतात. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील केंद्र कृमींचे हजारो वाण आणि इंडियाना विद्यापीठातील ब्लूमिंग्टन केंद्र फळमाशीचे वाण जगभरातील प्रयोगशाळांना माफक शुल्कात पुरवते.

तणाव आणि आयुर्मान यांचा संबंध कसा उलगडला?

वार्धक्य म्हणजे यंत्राची झीज, त्यात जनुकांचा फारसा हात नाही, असा समज दीर्घकाळ होता. १९८०च्या दशकात अधिक जगणारे कृमी सापडू लागले तेव्हा त्याला पहिला तडा गेला. १९९३ मध्ये सिंथिया केन्यन यांच्या गटाने दाखवले, की ‘डॅफ-२’ या एकाच जनुकातील बदलाने कृमी दुपटीहून अधिक जगतो. शिवाय तो नुसता जगत नाही, बराच काळ चपळही राहतो. १९९७ मध्ये गॅरी रुव्हकुन यांच्या गटाने हे जनुक कशासाठी आहे ते शोधले. माणसात इन्शुलिनचा संदेश पेशीत पोहोचवणाऱ्या ग्राहक-प्रथिनाचे ते कृमीतील रूप निघाले. म्हणजे मधुमेहाच्या संदर्भात घरोघरी माहीत असलेली यंत्रणा आयुर्मानाशीही जोडलेली होती.

हे जनुक मुळात ओळखले गेले ते तणावाच्याच संदर्भात. अन्न संपले, गर्दी झाली, की कृमीची अळी वाढ थांबवते आणि न खाता-पिता काही महिने तग धरते. दुष्काळात बियाणे जसे टिकून राहते तशीच ही अवस्था. डॅफ-२ त्या अवस्थेचे नियंत्रण करते. त्याचा जोर कमी केला की पेशी ‘दिवस वाईट आहेत’ असे समजून दुरुस्तीची कामे सुरू करते: प्रथिनांची घडी सावरणे, कचरा साफ करणे, घातक रेणू निष्प्रभ करणे. दीर्घायुषी कृमी उष्णताही अधिक सहन करतात. एवढेच नव्हे, तर सामान्य कृमींना थोडा वेळ सौम्य उष्णता दिली तरी ते अधिक जगतात, हे १९९५ मध्ये दाखवले गेले. थोडा ताण तारक, अति ताण मारक, असा हा हिशेब आहे. शास्त्रीय भाषेत त्याला ‘हॉर्मेसिस’ म्हणतात.

उपासमारीचा धागा याहून जुना. १९३५ मध्ये क्लाइव्ह मॅके यांनी दाखवले, की पोषणमूल्ये सांभाळून अन्न कमी दिलेले उंदीर अधिक जगतात. पेशीने स्वतःचाच कचरा पचवण्याच्या प्रक्रियेची, म्हणजे ‘ऑटोफॅजी’ची, जनुके योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये उपाशी पेशींचे निरीक्षण करून शोधली. त्यासाठी त्यांना २०१६ चे नोबेल मिळाले.

या शोधांत विद्यार्थ्यांचा वाटा किती?

मोठा. केन्यन यांच्या १९९३ च्या शोधनिबंधात प्रयोगशाळेत थोड्या काळासाठी आलेल्या नव्या विद्यार्थ्याचाही सहभाग होता. यीस्टमध्ये ‘सर-२’ हे जनुक आयुर्मानावर परिणाम करते, हे दाखवणाऱ्या १९९९ च्या शोधनिबंधाचे पहिले लेखक मॅट केबरलाइन तेव्हा एमआयटीत लेनर्ड ग्वारेंटे यांच्याकडे पीएच.डी. करत होते.

भारतातील उदाहरण त्याहून जुने आहे. १९७० मध्ये सुभाषचंद्र लाखोटिया यांनी त्यांचे मार्गदर्शक ए. एस. मुखर्जी यांच्यासह फळमाशीच्या गुणसूत्रावरील एक फुगवटा बेंझामाइड या रसायनाने स्वतंत्रपणे जागा होतो, असे दाखवले. तोच फुगवटा उष्णतेलाही प्रतिसाद देतो. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी दशकानुदशके या एका जागेचा पाठपुरावा केला. तिथून प्रथिन तयार होतच नाही, केवळ आरएनए तयार होतो, आणि तरीही तणावाच्या काळात तो पेशीसाठी महत्त्वाचा असतो, हे त्यातून पुढे आले. महागडी यंत्रे नसलेल्या काळात, विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात बसून जगाने दखल घ्यावी असे काम होऊ शकते, याचा हा दाखला आहे.

भारताला याची गरज आत्ता का?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील लोक सुमारे १०.४ कोटी होते. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी आणि मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत ही संख्या सुमारे ३४.७ कोटींवर, म्हणजे लोकसंख्येच्या पाचव्या हिश्शाहून अधिक, जाईल. देवनारच्या याच संस्थेने ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी केली आहे. कोणाला कोणते आजार आहेत, औषधोपचारावर किती खर्च होतो, याची माहिती त्यातून मिळते. मात्र शरीर म्हातारे होताना आत काय बदलते, हे पाहणी सांगू शकत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागतात.

मधुमेह, हृदयविकार, सांधेदुखी, स्मृतिभ्रंश या प्रत्येक आजारावर स्वतंत्र औषध शोधले जाते. या सगळ्यांचा समान धोका-घटक म्हणजे वाढते वय. त्याची मुळे समजली तर अनेक आजार एकदम लांबवता येतील, असा या क्षेत्राचा दावा आहे. आयुष्याची वर्षे वाढवण्यापेक्षा अंथरुणाला खिळण्याची वर्षे कमी करणे, हा त्याचा खरा उद्देश. आईवडिलांचे शेवटचे दशक औषधांच्या डब्या आणि रुग्णालयाच्या फेऱ्यांत गेलेले ज्या घरांनी पाहिले आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

महाराष्ट्रात आणि देशात कुठे संधी आहेत?

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) कृमी, फळमाशी, झेब्राफिश आणि उंदीर या चारही जिवांवर काम होते. संध्या कौशिका यांचा गट कृमीच्या चेतापेशींतील वाहतुकीचा अभ्यास करतो. विदिता वैद्य यांचे तणाव आणि मेंदूवरील संशोधन जगभर ओळखले जाते. त्यांच्या आणि उल्लास कोल्थूर यांच्या गटांनी मिळून २०१९ मध्ये दाखवले, की सेरोटोनिन हे रसायन चेतापेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांची संख्या वाढवते आणि त्या पेशींना ताण सोसण्यास मदत करते.

पुण्यात पाषाणच्या आयसरमध्ये फळमाशीवर काम करणारे अनेक गट आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रही पीएच.डी.साठी विद्यार्थी घेते. आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर दीर्घकाळ संशोधन झाले. पाण्यातला हा इवलासा जीव वार्धक्याच्या अभ्यासात विशेष मानला जातो. डॅनिएल मार्टिनेझ यांनी चार वर्षे हायड्रांवर लक्ष ठेवून १९९८ मध्ये लिहिले, की वयानुसार त्यांचा मृत्युदर वाढल्याचे दिसत नाही. म्हातारा न होणाऱ्या या प्राण्याच्या पुण्यात सापडणाऱ्या प्रकाराला शास्त्रीय साहित्यात ‘हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे’ असे नावच आहे.

राज्याबाहेर दिल्लीच्या राष्ट्रीय रोगप्रतिकारशास्त्र संस्थेत अर्णब मुखोपाध्याय यांची प्रयोगशाळा कृमींमधील वार्धक्यावरच काम करते. बेंगळूरुमध्ये भारतीय विज्ञान संस्थेत कृमी, जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात फळमाशीची उत्क्रांती व जैविक घड्याळ, तर इनस्टेममध्ये यीस्टचा चयापचय या विषयांवर गट आहेत. हैदराबादची सीसीएमबी, मोहालीची आयसर आणि बनारस हिंदू विद्यापीठ ही नावेही यादीत हवीत.

प्रवेश कसा मिळतो आणि हातात किती पडतात?

सर्वांत रुळलेला मार्ग सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ मिळवण्याचा. जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७ हजार रुपये आणि दोन वर्षांनंतर वरिष्ठ अधिछात्राला ४२ हजार रुपये आहे. वसतिगृह न मिळाल्यास घरभाडे भत्ता वेगळा. जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी परीक्षा, आयसीएमआरची जेआरएफ आणि ‘इन्स्पायर’ अधिछात्रवृत्ती हे अन्य मार्ग. टीआयएफआर आणि त्याचे बेंगळूरुतील केंद्र एनसीबीएस यांच्यासाठी ‘जेजीईईबीआयएलएस’ ही स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. तिथे पाठांतरापेक्षा प्रयोगाची आखणी आणि आकडेवारीचा अर्थ लावणे याला महत्त्व दिले जाते. आयसर, टीआयएफआर, एनसीबीएस येथे बी.एस्सी.नंतर एकात्मिक पीएच.डी.चाही पर्याय असतो.

नियमांतही बदल झाले आहेत. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीनुसार चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्क्यांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी एम.एस्सी.शिवाय पीएच.डी.ला प्रवेश घेऊ शकतो. २०२४ पासून नेट परीक्षेतील गुण विद्यापीठांच्या पीएच.डी. प्रवेशासाठीही वापरले जातात. जेआरएफ थोडक्यात हुकलेल्या उमेदवारांना त्याचा उपयोग होतो, मात्र विद्यावेतन आपोआप मिळत नाही, हे लक्षात ठेवावे लागते. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. त्या वेळेवर मिळत नसल्याच्या तक्रारी आणि त्यासाठीची आंदोलने राज्याने पुरेशी पाहिली आहेत.

नेटच्या आधीची पायरी अनेकदा दुर्लक्षित राहते. तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी शिष्यवृत्ती बी.एस्सी., एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना दोन महिने एखाद्या प्रयोगशाळेत काम करण्याची संधी देते. नांदेड, कोल्हापूर किंवा रत्नागिरीच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला कृमी आणि माशी प्रत्यक्ष हाताळायची पहिली संधी बहुधा अशाच मार्गाने मिळू शकते. हे काम आपल्याला झेपते का, मुख्य म्हणजे आवडते का, हे पाच वर्षे बांधून घेण्याआधी दोन महिन्यांत कळणे केव्हाही बरे.

परदेशात जायचे असल्यास?

अमेरिकेत जीवशास्त्राच्या पीएच.डी.ला चांगल्या विद्यापीठांत शुल्कमाफी आणि विद्यावेतन दोन्ही मिळते. पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत काही आठवडे काम करून मग मार्गदर्शक निवडायचा, ही तिथली पद्धत. जीआरईची अट अनेक अभ्यासक्रमांनी काढून टाकली आहे. कॅलिफोर्नियातील बक इन्स्टिट्यूट ही केवळ वार्धक्याला वाहिलेली संस्था सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठासह वार्धक्याच्या जीवशास्त्रात पीएच.डी. अभ्यासक्रम चालवते. मात्र २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने आरोग्य संशोधनाच्या निधीला कात्री लावल्यानंतर काही विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या, काही ठिकाणी दिलेले प्रवेशही मागे घेतले गेले. त्यामुळे केवळ अमेरिकेवर विसंबणे आता शहाणपणाचे नाही.

जर्मनी हा पर्याय त्यामुळे अधिक ठोस वाटतो. कोलोनमधील वार्धक्यविषयक माक्स प्लांक संस्थेत कृमी, फळमाशी, उंदीर आणि किलिफिश या जिवांवर काम होते. पूर्व आफ्रिकेतील पावसाळी डबक्यांत राहणारा किलिफिश चार ते सहा महिन्यांतच म्हातारा होतो. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यात वार्धक्य झटपट अभ्यासण्यासाठी तो अलीकडे वापरात आला आहे. जर्मनीतील येना शहरातील लायब्निझ संस्थाही त्यासाठी ओळखली जाते. तिथे पीएच.डी. ही बहुतेकदा पगारी करारावर असते आणि त्यासाठी साधारणपणे एम.एस्सी. आवश्यक असते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्येही या विषयाला वाहिलेली संस्था आहे.

प्रत्यक्ष काम कसे असते?

बाहेरून दिसते तितके झगमगीत नसते. आयुर्मानाच्या प्रयोगात एका गटात साधारण शंभर कृमी घेतात. रोज किंवा दिवसाआड प्रत्येकाला प्लॅटिनमच्या बारीक तारेने हळूच स्पर्श करायचा. हलला तर जिवंत, नाही तर मृत. ही मोजणी शेवटचा कृमी मरेपर्यंत चालते. दिवाळी असो की गणपती, कृमी थांबत नाहीत. बशीवर बुरशी आली की महिनाभराची मेहनत वाया जाते. एकच प्रयोग किमान तीनदा करावा लागतो. तापमान अंशभर हलले तरी आयुर्मान बदलते. म्हणून चिकाटीइतकीच नोंदवहीची शिस्त लागते. याच्या जोडीला संख्याशास्त्र आणि थोडेफार संगणकीय प्रोग्रॅमिंग आता अपरिहार्य झाले आहे.

दीर्घायुष्याचे दावे कितपत खरे?

इथेच सर्वाधिक सावधगिरी हवी. यीस्टमधील सर-२ च्या शोधानंतर त्याच्या मानवी रूपांना चेतवणाऱ्या औषधांचा गाजावाजा झाला. २००८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने ‘सर्ट्रिस’ ही कंपनी ७२ कोटी डॉलरना विकत घेतली आणि २०१३ मध्ये तिचे कार्यालय बंद केले. दरम्यान २०११ मध्ये लंडनच्या गटाने दाखवले होते, की जनुकीय पार्श्वभूमी काटेकोरपणे सारखी ठेवली तर कृमी आणि माशीतील आयुर्मानवाढीचा परिणाम टिकत नाही. अन्न कमी केल्यास माकडे अधिक जगतात का, यावरही अमेरिकेतील दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष आधी परस्परविरोधी आले.

टिकलेले निष्कर्षही आहेत. ईस्टर बेटाच्या मातीतील जिवाणूपासून मिळालेले रॅपामायसिन हे औषध सुरेंद्रनाथ सेहगल यांच्या गटाने १९७० च्या दशकात वेगळे केले. सेहगल हे बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. २००९ मध्ये अमेरिकेतील तीन स्वतंत्र प्रयोगशाळांत ६०० दिवसांच्या, म्हणजे उतारवयाकडे झुकलेल्या उंदरांना ते दिले गेले. ९० टक्के उंदीर मरण्याच्या वयावरून मोजता माद्यांचे आयुष्य सुमारे १४ आणि नरांचे ९ टक्के वाढले. तीन ठिकाणी एकच प्रयोग, एकच निकाल, म्हणून त्यावर विश्वास बसला. मात्र हे औषध प्रतिकारशक्ती दाबते. प्रत्यारोपणाच्या रुग्णांना ते दिले जाते. माणसाचे आयुष्य त्याने वाढते, हे अजून सिद्ध झालेले नाही. समाजमाध्यमांवर ‘वय थांबवणाऱ्या’ गोळ्या विकणारे हा फरक सांगत नाहीत. तो सांगू शकणारी प्रशिक्षित माणसे तयार होणे, हादेखील या पीएच.डी.चा समाजाला होणारा फायदा आहे.

प्रयोगशाळा निवडताना काय विचारावे?

संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक आणि प्रश्न महत्त्वाचा. आधीच्या विद्यार्थ्यांना पदवी मिळण्यास किती वर्षे लागली? ते आता काय करतात? प्रकल्पाचा निधी कोणत्या वर्षापर्यंत आहे? अधिछात्रवृत्ती अडकली तर प्रयोगशाळा काही महिने सांभाळून घेते का? शोधनिबंधात पहिले नाव कोणाचे, हे कसे ठरते? सुट्टी मागता येते का? हे प्रश्न मार्गदर्शकाला विचारण्यास संकोच वाटत असेल तर तिथल्याच विद्यार्थ्यांना चहाच्या टपरीवर विचारता येतात. उत्तर देताना विद्यार्थी अडखळत असतील, तर तेही एक उत्तरच आहे.

पदवीनंतरचा प्रश्नही आधीच विचारायला हवा. प्राध्यापकपदे मोजकी आहेत आणि राज्यातील विद्यापीठांत मंजूर जागाही वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. मात्र जनुकसंपादन, सूक्ष्मदर्शन, मोठ्या विदेचे विश्लेषण ही कौशल्ये औषधनिर्मिती, निदान आणि कृषी-जैवतंत्रज्ञान कंपन्यांना हवी असतात. ती पीएच.डी.च्या काळातच हेतुपूर्वक मिळवावी लागतात.

राज्याने काय करायला हवे?

कृमी, माशी आणि यीस्ट यांचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे त्यांना श्रीमंत प्रयोगशाळा लागत नाही. तरीही हे संशोधन मुख्यतः केंद्र सरकारच्या मोजक्या संस्थांतच एकवटले आहे. राज्यातील बहुसंख्य विद्यार्थी शिकतात ती विद्यापीठे आणि महाविद्यालये त्यापासून दूर आहेत. प्राणिशास्त्राच्या प्रत्येक पदव्युत्तर विभागात फळमाशी किंवा कृमींचा छोटा कक्ष उभारणे एका मोठ्या इमारतीच्या कोनशिला समारंभापेक्षा स्वस्त पडेल. मुंबई-पुण्याच्या संस्थांनी वाण आणि प्रशिक्षण द्यावे, विद्यापीठांनी जागा आणि एक कायम तंत्रज्ञ द्यावा, इतकी साधी व्यवस्था सुरुवातीला पुरेशी आहे.

दुसरी गोष्ट त्याहून सोपी. अधिछात्रवृत्ती दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला खात्यात जमा व्हावी. घरभाडे, खानावळ आणि गावी पाठवायचे पैसे महिन्याच्या महिन्याला लागतात. ती रक्कम सहा महिन्यांनी एकदम मिळाली तर तोवर विद्यार्थी उसनवारीत बुडालेला असतो, किंवा शिकवणी घेण्यासाठी प्रयोग सोडून गेलेला असतो. सौम्य ताणाने जीव कणखर होतो आणि सततच्या ताणाने खचतो, हे कृमीने शास्त्रज्ञांना दाखवून दिले आहे. संशोधक विद्यार्थ्यांच्या बाबतीत तेच समजून घेण्यासाठी शासनाला वेगळ्या प्रयोगाची गरज नसावी.